नोंदवहीवर न्यायाचा अंकुश

लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू केली. मायभगिनींच्या रक्षणासाठी ती हवीच. पण अपिलात निर्दोष सुटलेल्याचे नाव तीत राहता कामा नये.

ब्रिटनमध्ये ३० महिने वा अधिक कारावास झालेल्यांवर आजन्म नोंदबंधन असे. फेरविचाराची सोयच नसणे मानवी हक्कांशी विसंगत आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ पासून प्रौढांना सुटकेनंतर १५ वर्षांनी पोलिसांकडे फेरविचार मागता येतो. नकार मिळाल्यास दंडाधिकारी न्यायालयात अपील करता येते. नाव आपोआप पुसले जात नाही. दाद मागण्याचे दार तेवढे उघडते.

आपल्याकडेही हा मार्ग कायद्यातच सुस्पष्ट असावा. दंडशक्तीला विवेकाची जोड असेल, तरच तिच्यावर समाजाची श्रद्धा टिकते.