‘अबज’ त्रिभुज आणि त्याचे धनी

विद्या कोणाची, हा प्रश्न अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांस फार लहान वयात पडू लागला आहे. भूमितीच्या तासाला पायथागोरसचे नाव निघाले की एक मुलगा उठून सांगतो, हे सारे आपल्याच ग्रंथांत होते. दुसरा तितक्याच आवेशाने सांगतो की अरबांनीच जगाला गणित शिकविले. दोघेही हुशार, आणि दोघांच्याही हाती मोबाइलवरून उतरवून घेतलेले चार ओळींचे टिपण. परंतु कोणता ग्रंथ, कोणाचा, कोणत्या सालचा, हे तुम्ही स्वतः कोठे वाचलेत, असे विचारले की दोघेही खाली पाहतात. घरी वडीलधारी माणसे ह्यांपैकी कोणत्या ना कोणत्या बाजूला मान डोलावतात, त्यामुळे मुलांचा धीर वाढतो. आम्हांस हा वाद क्षुल्लक वाटत नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांनी वर्गमूळ आणि त्रिकोण ह्यांची वाटणी करून घ्यावी, ही गोष्ट भाषणांनी मिटणारी नव्हे. तिला एखादे जुने पुस्तकच उघडून दाखविले पाहिजे.

असे एक पुस्तक आहे, आणि त्याचा आमच्या सुरत शहराशी निकटचा संबंध आहे. त्याचे नाव ‘रेखागणित’. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथ नामक पंडिताने ते इ. स. 1718 च्या सुमारास संस्कृतात रचिले. हा जगन्नाथ महाराष्ट्रीय ब्राह्मण होता अशी परंपरा आहे. राजाच्या इच्छेवरून तो अरबी व फारसी शिकला. ग्रंथाचे पंधरा अध्याय आहेत, आणि ते दुसरेतिसरे काही नसून युक्लिडची भूमिती आहे. युक्लिडचे स्वतःचे तेरा भाग व मागाहून इतरांनी जोडलेले दोन. परंतु जगन्नाथापाशी ग्रीक ग्रंथ नव्हता. इराणातील थोर गणिती नसीरुद्दीन तूसी (1201–1274) ह्याने 1248 साली अरबीत युक्लिडची जी शुद्ध प्रत सिद्ध केली, तिच्यावरून त्याने हे भाषांतर केले.

आता गंमत पाहा. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत त्रिकोणाला ‘अबक’ म्हणत. ते इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. जगन्नाथाच्या संस्कृत ग्रंथात मात्र त्रिभुजाचे नाव ‘अबज’ आहे! संस्कृत पंडिताने अ-क-ख किंवा अ-आ-इ सोडून अ, ब, ज, द अशी अक्षरे का बरे योजावी? कारण अरबी लिपीतील अक्षरांनी संख्या दर्शविण्याचा जो जुना क्रम आहे, तो ‘अबजद’. तूसीच्या आकृत्यांवरील अक्षरे जगन्नाथाने जशीच्या तशी देवनागरीत उतरविली. ग्रंथाच्या मूळ गावचा पत्ता असा प्रत्येक त्रिकोणाच्या टोकाटोकावर लिहिलेला आहे.

परंतु प्रस्तावनेच्या श्लोकांत जगन्नाथ काय सांगतो? हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितले, परंपरेने ते पृथ्वीवर आले, पुढे लुप्त झाले, आणि महाराज जयसिंहाच्या आज्ञेने आपण ते पुन्हा प्रकाशात आणले, असे! तेथे युक्लिडचे नाव नाही, तूसीचे नाही, अरबीचेही नाही. हाच जगन्नाथ पुढे 1732 साली टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचे संस्कृत रूपांतर करतो, तेव्हा मात्र ‘मिजास्ती’ नावाचा अरबी भाषेतील ग्रंथ गणकांच्या सोयीसाठी संस्कृतात आणीत आहोत, असे स्वच्छ सांगतो. एकाच पंडिताच्या ह्या दोन तऱ्हा. त्याला लबाड म्हणण्याची आम्हांस घाई नाही. परक्या शास्त्राला पंडितांच्या ओसरीवर पाट मिळावा म्हणून ब्रह्मदेवाचे नाव पुढे करण्याची चाल त्या काळी असावी. ग्रंथ वाचला गेला हेच त्याला पुरेसे वाटले असेल. तथापि, आज जो कोणी तेवढे दोन श्लोक दाखवून ‘पाहा, भूमिती आमचीच’ असे म्हणेल, त्याने पुढचे पान उलटून ‘अबज’ त्रिभुज पाहिलेला नाही, एवढे निश्चित.

येथेच इतिहासकाराचे काम सुरू होते. हा ग्रंथ हस्तलिखितांतून छापखान्यात आणण्याचा संकल्प हरिलाल हर्षदराय ध्रुव ह्यांनी केला. सुरतेच्या सार्वजनिक जीवनात वावरलेले हे गृहस्थ गुजरातीचे कवी व संस्कृतचे जाणते. 1889 साली स्टॉकहोम येथे भरलेल्या प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेलाही ते गेले होते. 1896 मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले आणि काम अर्धेच राहिले. ते हाती घेतले कमळाशंकर प्राणशंकर त्रिवेदी ह्यांनी. हे जन्माने सुरतेचे, पेशाने शिक्षक. पुढे अहमदाबादच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य झाले व गुजराती भाषेचे ‘बृहद् व्याकरण’ त्यांनी लिहिले. त्रिवेदींनी 1901 व 1902 साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ‘रेखागणिता’चे दोन खंड प्रस्तावना व टीपांसह प्रसिद्ध केले, आणि मुखपृष्ठावर संकल्प ध्रुवांचा हे नमूद केले. दुसऱ्याचे ऋण पहिल्याच पानावर मांडणाऱ्या संपादकाच्या हातून हा ग्रंथ बाहेर पडला, हे आम्हांस फार शोभून दिसते. नर्मदाशंकरांचे नाव सुरतेत लहान मुलालाही ठाऊक असते. त्रिवेदींचे मात्र आम्ही शिक्षकांच्या खोलीतही क्वचितच ऐकले.

आमचे बहुसंख्य विद्यार्थी खानदेशातून आलेल्या कुटुंबांतील. त्यांच्यासाठी आणखी एका शिक्षकाचे नाव घेतले पाहिजे: शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोलीजवळच्या मुरुड गावी 1853 साली त्यांचा जन्म. मॅट्रिकच्या पुढे शिक्षण नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी अशा शाळांतून नोकरी करीत ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात आले आणि शेवटी पुण्यास गेले. ह्या फिरतीच्या नोकरीत, ग्रंथालयांपासून दूर राहून, त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. तो 1896 साली छापला गेला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल ह्यांच्यासह लिहिलेले त्यांचे भारतीय पंचांगावरील इंग्रजी पुस्तकही निघाले. दोनच वर्षांनी, पंचेचाळिशी गाठण्यापूर्वी, ते वारले. दीक्षितांचा कल भारतीय ज्योतिष स्वतंत्रपणे वाढले असे मानण्याकडे होता, आणि पाश्चात्य पंडितांशी त्यांनी त्यासाठी वाद घातला. परंतु तो गणित मांडून घातला. जयसिंह, जगन्नाथ आणि त्यांचे अरबी आधार ह्यांना त्या इतिहासात जागा आहे. अभिमान असावा तर असा, हिशेबाची वही उघडी ठेवणारा.

ह्याच वहीत सुरतेच्या शेजारच्या भडोचचेही एक पान आहे. नक्षत्रांची उंची मोजून वेळ काढण्याचे ‘उस्तुर्लाब’ हे पितळी यंत्र मुसलमान ज्योतिष्यांनी इकडे आणले. त्यावर संस्कृतातील पहिला ग्रंथ 1370 साली फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयास असलेल्या महेंद्रसूरी ह्या जैन साधूने लिहिला. त्याचे गुरू भृगुपुरचे, म्हणजे भडोचचे. महेंद्रसूरीने यंत्राला नाव दिले ‘यंत्रराज’. परदेशी वस्तूला यंत्रांचा राजा म्हणताना त्याच्या मनाला कोठे खट्टू झाल्याचे दिसत नाही.

आता दुसऱ्या मुलाचे ऐकू. अरबांनी सगळे शिकविले काय? दहावीत ‘साइन’ शिकविताना आम्ही त्या शब्दाची गोष्ट सांगतो. आर्यभटाचा शब्द ‘ज्या’ अथवा ‘जीवा’. आठव्या शतकात भारतीय ज्योतिष बगदादेस पोहोचले, तेव्हा अरबांनी तो शब्द ‘जीबा’ असा घेतला. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत; पुढे कोणी तो ‘जैब’ वाचला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, कपड्याचा गळा. हिंदीत खिशाला ‘जेब’ म्हणतात तो हाच शब्द. लॅटिन भाषांतरकारांनी घडी ह्या अर्थाचा ‘सायनस’ शब्द ठेवला, आणि तो इंग्रजीवाटे ‘साइन’ होऊन आमच्या फळ्यावर परत आला. ह्या प्रवासात धनी कोण आणि पाहुणा कोण, हे ज्याला सांगता येईल त्याने सांगावे.

आणि तरीही अरबी-फारसी पंडित केवळ ग्रीकांचे व भारतीयांचे टपालवाले होते, हा इंग्रजी पुस्तकांतून पसरलेला समज आम्हांस मान्य नाही. तूसीचेच उदाहरण घ्या. त्याने दाखविले की मोठ्या वर्तुळाच्या आतून, निम्म्या व्यासाचे लहान वर्तुळ न घसरता फिरविले, तर लहान वर्तुळाच्या परिघावरील बिंदू वाकडातिकडा न जाता मोठ्या वर्तुळाच्या व्यासावरून सरळ रेषेत पुढे-मागे जातो. दोन वर्तुळांतून सरळ रेषा! हीच युक्ती 1543 सालच्या कोपर्निकसच्या ग्रंथात आढळते. ती त्याच्यापर्यंत कशी पोहोचली ह्याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, आणि ‘कोपर्निकसने चोरी केली’ असे जे टिपणांतून फिरते ते वादाच्या कितीतरी पुढे जाणारे आहे. तूसीच्या ग्रंथातील ज्या अध्यायात ही युक्ती आहे, त्याचे बिर्जंदीच्या टीकेसह संस्कृत भाषांतर जयसिंहाच्याच दरबारात झाले. ते केले नयनसुख उपाध्याय ह्यांनी, मुहम्मद आबिद ह्यांच्या साह्याने. एकाला अरबी येत होते, दुसऱ्याला संस्कृत. ग्रंथ दोघांत मिळून पुरा झाला. 2002 साली कुसुबा व पिंग्री ह्या दोन विद्वानांनी मूळ अरबी व संस्कृत संहिता एकत्र छापल्या.

हे सारे आज आम्हांस ठाऊक आहे ते भाषा शिकणाऱ्यांमुळे. एडवर्ड केनेडी (1912–2009) हा अमेरिकन तरुण इराणात तेहरानच्या शाळेत शिकवावयास गेला, तेथे फारसी शिकला, पुढे बैरूतच्या विद्यापीठात गणित शिकवीत राहिला. शंभराहून अधिक इस्लामी ज्योतिष-सारण्यांची त्याने नोंद करून ती 1956 साली प्रसिद्ध केली. दमास्कसच्या मशिदीत वेळ राखणाऱ्या इब्न अल्-शातिर ह्याची चंद्रगती कोपर्निकसच्या चंद्रगतीशी जुळते, हे त्याच्या बरोबरीच्या मंडळींनी 1957 साली दाखवून दिले. त्रिवेदी, दीक्षित, केनेडी: तिघेही शिकविणारे. (आमच्या पेशाविषयी हल्ली फारसे चांगले ऐकू येत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.)

आमचे मत असे की ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार भाषा शिकून मिळवावा लागतो. आमची स्वतःची मातृभाषा कोंकणी. मराठी आम्ही शिकून घेतली, सुरतेत आल्यावर गुजरातीही. त्यामुळे आमची कोंकणी तसूभरही कमी झाली नाही. मराठी मुलाने अरबी लिपी शिकली तर त्याचे काय जाईल? त्याच्या पणजोबांच्या दप्तरांत तर अरबी आकडे भरलेले आहेत. मराठी जुन्या पत्रांवरील शुहूर सन पाहा: ‘अर्बा सबैन अलफ’ म्हणजे चार, सत्तर आणि हजार, मिळून 1074, त्यात 599 किंवा 600 मिळविले की इसवी सन येतो. आणि ह्या अरबी नावांच्या वर्षाचा आरंभ कधी? सूर्य मृग नक्षत्रात येतो त्या दिवशी, पेरणीच्या तोंडावर. म्हणून ह्याला मृगसाल असेही म्हणत. शिवछत्रपतींच्या काळची कागदपत्रेही ह्याच सनाने चालत. उलट, मुसलमान मुलाने देवनागरीतील ‘रेखागणित’ वाचले तर त्याला तूसीच भेटणार आहे.

पालकांस आमची विनंती आहे. सुट्टीत मुलांस हातात पुठ्ठा व कात्री द्यावी. वीस सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक पाडून, त्यात दहा सेंटिमीटर व्यासाची चकती कडेकडेने, न घसरू देता, फिरवावयास सांगावे. चकतीच्या काठाशी पेन्सिलीचे टोक टेकविले की ते सरळ रेषा ओढते की नाही, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे. ‘रेखागणिता’चे दोन्ही खंड शाळेच्या ग्रंथालयात असावेत, एवढी मागणी आम्ही केली आहे. ते आले म्हणजे पहिल्या अध्यायातील सत्तेचाळिसावी आकृती, जिला आपण पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो, ती जगन्नाथाच्या अ, ब, ज, द ह्या अक्षरांसकट फळ्यावर काढावयाची आहे. संस्कृत वाचून दाखविण्यास दोन विद्यार्थिनी तयार झाल्या आहेत. अक्षरांचा अरबी क्रम समजावून सांगणारा मुलगा पाहिजे; ज्याला घरी आजोबांकडून तो शिकता येईल त्याने जूनमध्ये आम्हांस भेटावे.