साताऱ्याचा बेचाळीस: ‘पत्री’च्या आधीचे निःशस्त्र मोर्चे

१/८ ‘साताऱ्याच्या मातीला अहिंसा कधी मानवलीच नाही’ हे वाक्य दर ऑगस्टमध्ये नव्या उत्साहाने फिरते. पुरावा म्हणून पत्री सरकारचे नाव पुढे केले जाते. हे वाक्य अर्धवट वाचनातून आलेले आहे. तारखा लावून पाहू.

२/८ प्रतिसरकार आकाराला आले १९४३ मध्ये. त्याआधी, १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजचा बराचसा सांगली त्यातच होता) कऱ्हाड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. हाती शस्त्र नव्हे, तिरंगा होता.

३/८ २४ ऑगस्टला बाळकृष्ण पाटील उंडाळकरांच्या नेतृत्वाखाली कऱ्हाडचा मोर्चा शांततेत झाला. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला आणि खुद्द मामलेदाराला गांधी टोपी घालावी लागली. गोळी एकही सुटली नाही, पण सत्तेचा दरारा त्या दिवशी उतरला.

४/८ मग सरकार सावध झाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. ही वार्ता ताजी असतानाच दुसऱ्या दिवशी इस्लामपूरचा मोर्चा निघाला. तेथे विष्णू भाऊ बारपटे आणि किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या हुतात्मा झाले.

५/८ आदल्या दिवशीच्या गोळीबारानंतरही रिकाम्या हाताने बंदुकीसमोर जाणाऱ्यांना दुबळे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

६/८ आक्षेप येईल: ‘गोळीबारानंतर मोर्चे थांबलेच ना?’ थांबले, आणि पुढच्या लढ्यात शस्त्रेही आली. ते नाकारण्याचे कारण नाही. पण क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार निव्वळ बंदुकांवर १९४६ पर्यंत टिकले काय? भूमिगतांना भाकरी आणि आसरा गावांनी दिला. लोकन्यायालये, गांधी विवाह, दारूबंदी हे सारे लोकसंमतीवर चालले. मोर्च्यांनी जी भीती मोडली, तिच्याच जागी ही संमती उभी राहिली.

७/८ आता कोयनानगर पाहा. ही वसाहत स्वातंत्र्यानंतर, धरणाबरोबर वाढली. येथेच २०१८ मध्ये कोयना धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी ठिय्या दिला. नेतृत्व डॉ. भारत पाटणकरांचे. त्यांचे आई-वडील, इंदुताई आणि बाबूजी पाटणकर, प्रतिसरकारचे सैनिक. भूमिगतांच्या घरातला वारसदार धरणग्रस्तांसोबत निःशस्त्र बसतो, तेव्हा ‘मानवली नाही’ म्हणणाऱ्यांनी आपले वाक्य पुन्हा तपासावे.

८/८ पत्री सरकारचा अभिमान अवश्य बाळगा. मात्र त्याच्या आड वडूज आणि इस्लामपूर झाकू नका. पुढच्या वेळी ते वाक्य दिसले, तर उत्तरादाखल दोनच तारखा लिहा: ९ आणि १० सप्टेंबर १९४२.