परसदार : खुडूक कोंबडी

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तुकईथडमध्ये कोंबड्या बाळगणारी घरे पुष्कळ. पण अंडी उबवून घेण्याचे ज्ञान बहुधा घरातील वृद्ध स्त्रियांपाशीच असते. आमचे या विषयातील शिक्षणही शेजारच्या आजींकडेच झाले, आणि त्यापायी एका पिलाला प्राणास मुकावे लागले.

अंडी घालणे थांबवून कोंबडी जागेवरून उठेनाशी झाली, हात लावताच पिसे फुलवून गुरगुरू लागली, की ती खुडूक झाली असे समजावे. तथापि प्रत्येक खुडूक कोंबडी शेवटपर्यंत बसेलच असे नाही. प्रथम तिच्याखाली दोन-तीन टाकाऊ अंडी ठेवून तीन रात्री परीक्षा घ्यावी. वारंवार उठणारीच्या स्वाधीन चांगली अंडी करू नयेत. केवळ अंड्यांसाठी जोपासलेल्या पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये ही वृत्ती जवळजवळ उरलेली नाही. ज्याच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या झाबुआच्या कडकनाथाची मादीही बसण्यास फारशी राजी नसते. अशांची अंडी गावठी कोंबडीखालीच घालावीत.

मध्यम बांध्याची कोंबडी दहा-बारा अंडी नीट झाकते. त्याहून अधिक ठेवली तर कडेची गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली, स्वच्छ पण न धुतलेली असावीत. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मागाहून घातलेले अंडे ओळखून काढता येते. पसरट टोपलीत माती व त्यावर मऊ गवत घालावे, कोंबडीच्या पिसांतील उवा आधी घालवाव्यात आणि तिला अंधार पडल्यावर बसवावे. दिवसातून एकदा दाणापाणी व धुळीतील स्नान यांसाठी ती पंधरा-वीस मिनिटे उठते. ते उठणे आवश्यकच होय. सातव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडासमोर धरावीत. आत लाल शिरांचे जाळे दिसले नाही, तर ते अंडे बाजूला काढावे. निमाडच्या वैशाखात साठवलेली अंडी उन्हाळ्यानेच बिघडतात, म्हणून हा उद्योग थंडीत करणे उत्तम.

आता आमच्या चुकीविषयी. एकविसाव्या दिवशी सायंकाळी एका अंड्याला बारीक टवका गेला. सकाळ झाली तरी पिलू बाहेर येईना. आम्हांला राहवले नाही. नखाने कवच सोलले. आतल्या पातळ पापुद्र्यातून रक्त आले आणि दुपारपर्यंत पिलू गेले.

आजी म्हणाल्या, “गुरुजी, कवच फोडणं हे त्याचं काम. आपण पाणी तेवढं जवळ ठेवावं.”

पुढे वाचनात आले की, टवका गेल्यानंतरही पापुद्र्यातील रक्त अंगात परतण्यास व उरलेला बलक पोटात ओढला जाण्यास वेळ लागतो. कित्येकदा अहोरात्र लोटते. त्याच बलकावर पिलू जन्मानंतर एखादा दिवस दाण्यावाचून राहू शकते. आम्ही ज्याला खोळंबा समजलो, ती त्याची तयारी होती. उरलेली नऊ पिले आमच्या मदतीवाचून त्याच रात्री बाहेर पडली.

पुढल्या कार्तिकात कोंबडी पुन्हा खुडूक झाली. विसाव्या दिवशी आम्ही खुराड्याची किल्ली आजींच्या हाती दिली आणि शाळेस निघून गेलो.