स्वस्त बासरीची निगा

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडला मुक्कामाला असते. लहानपणी एका वर्षी त्या गर्दीत मी काठीला बासऱ्या अडकवून फिरणाऱ्या विक्रेत्याकडून एक बासरी घेतली. पुढच्या उन्हाळ्यात ती पत्र्याच्या घराच्या खिडकीत ठेवून विसरलो. चार दिवसांत तिला टोकापासून तडा गेला. "जाऊ दे, दुसरी घेऊ," असे घरचे म्हणाले. दुसरी घेतलीही, पण बोटे जुन्या भोकांच्या जागा शोधत राहिली.

स्वस्त वस्तू जपायची कशाला, हे म्हणणे मला तेव्हापासून पटत नाही. उत्तर प्रदेशातील पिलीभीत गावात कितीतरी मुस्लिम कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बासऱ्या करत आले आहेत. बांबू थेट आसामातून येतो. तापलेल्या सळईने एकेक भोक पाडतात. दोन बांबू सारखे नसतात, म्हणून दोन बासऱ्याही सारख्या नसतात. मौलाना रूमींची 'मसनवी' तर बोरूच्या बासरीच्या तक्रारीनेच सुरू होते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी शास्त्रीय मैफलीत मानाने बसवली, ती बासरीही साध्या बांबूचीच!

तेव्हा बासरी घेताना घाई करू नका. मोकळ्या टोकातून आत पाहा. भेग किंवा किडीचे भोक नसावे. आतले बूच हलत असेल तर सूर बिघडतो. मग सहाही भोके बोटांनी बंद करा, खालचे टोक गुडघ्यावर टेकवा आणि फुंकायच्या भोकातून हवा ओढा. ओठ चिकटला तर बासरी ठीक. हवा सहज येत राहिली, तर कुठेतरी फट आहे.

वाजवून झाल्यावर काडीला मऊ कापड गुंडाळून आतला ओलावा टिपून घ्यावा. अधूनमधून पिसाने आतून तेलाचा हलका हात फिरवावा. तेल फार झाले तर त्यावर धूळ बसते. बासरी कापडी पिशवीत ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिला बुरशी येते. प्लॅस्टिकच्या बासरीला यातले काहीच लागत नाही, हे खरे. नवशिक्याने ती घेतली तरी माझी हरकत नाही.

माझी तडा गेलेली बासरी अजून घरात आहे. तड्यात सरस भरून वरून दोरा घट्ट गुंडाळला आहे. खालचे सूर थोडे घोगरे येतात, पण ती वाजते.