उबवणुकीची अंडी : दोष पार्सलचा नव्हे

मा. संपादक,


पार्सलने मागवलेली गावरान अंडी उबतच नाहीत, हे आपल्या लेखातील सरसकट विधान चुकीचे आहे. नीट भरली तर उबतात. लेखाचा सारा भर फुटण्यावर. खरे नुकसान न फुटलेल्या अंड्यात होते. हादऱ्यांनी बोथट टोकाकडची हवेची पिशवी सुटते. म्हणून प्रत्येक अंडे कागदात गुंडाळून, बोथट टोक वर ठेवून ट्रेमध्ये बसवावे. मग खोके हलवून पाहावे. आत काही हलले तर पुन्हा भरावे. लेखातील अंडी धुण्याचा सल्ला तर घातकच, त्याने कवचावरचे संरक्षक आवरण जाते. धाराशिवच्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात ती पाठवूच नयेत. पोहोचल्यावर एक दिवस स्थिर ठेवून मगच उबवणी यंत्रात घालावीत. लेखात याचा उल्लेखही नाही.

– एक कुक्कुटपालक, कळंब (जि. धाराशिव)