सुगंधाचा हिशेब

व्यापार आणि व्रत

जिनपूजेच्या अष्टद्रव्यांत जलानंतर चंदनाचा क्रम येतो. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत केशर-चंदनाने प्रभूंच्या नवांगांची पूजा होते; दिगंबर परंपरेत संसारतापाच्या शमनासाठी चंदन अर्पण केले जाते. जे स्थानकवासी बंधू द्रव्यपूजा करीत नाहीत, त्यांच्याही बोलण्यात ‘चंदनासारखे झिजणे’ हा गौरवाचाच शब्द आहे. मात्र सहाणेवर येण्यापूर्वी किंवा अत्तराच्या कुपीत उतरण्यापूर्वी त्या झाडाचे काय होते, याचा विचार आपल्या घरांत क्वचितच होतो. आपल्या समाजातील अनेक पेढ्या पूजाद्रव्ये, अत्तरे, धूप आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या व्यापारात असल्यामुळे या विचाराला धर्माइतकेच व्यवहारातही स्थान आहे.

चंदन हा मध्यम उंचीचा सदाहरित वृक्ष. कर्नाटक, तमिळनाडू आणि केरळातील मरयूर ही त्याची ख्यातनाम वसतिस्थाने. तो एकटा नीट वाढत नाही. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि त्यांच्याकडून पाणी व क्षार घेतात. त्याचे बाहेरचे पांढरे लाकूड जवळजवळ निर्गंध असते. सुगंध असतो तो आतल्या पिवळसर-तपकिरी गाभ्यात. हा गाभा धरू लागण्यास साधारणतः दहा-पंधरा वर्षे लागतात आणि व्यापाराजोगा भरण्यास पंचवीस-तीस. तेलाचे प्रमाण शेंड्याकडून बुंध्याकडे वाढत जाते आणि मुळांत ते सर्वाधिक असते. म्हणूनच जाणकार चंदन बुंध्यापाशी तोडत नाहीत. खणून मुळांसकट काढतात.

पुढची क्रिया संथ आहे. साल आणि पांढरे लाकूड तासून टाकतात. गाभ्याचे व मुळांचे तुकडे करून त्यांची पूड करतात. बंद पात्रातील या पुडीतून वाफ सोडली जाते. वाफेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण वर येतात आणि थंड नळीतून जाताना पाण्यासह द्रवरूप होतात. चंदनतेलाचा मुख्य घटक सँटॅलॉल हा जड व सहजासहजी न उडणारा असल्याने ही भट्टी काही तासांत आटोपत नाही. दोन-तीन दिवस ती चालू ठेवावी लागते. शिवाय हे तेल जवळजवळ पाण्याइतकेच जड असल्याने पाण्यापासून वेगळे होण्यासही वेळ घेते. शंभर किलो उत्तम लाकडातून चार-पाच किलो तेल मिळाले तर तो समाधानकारक उतारा मानतात. कनौजच्या देग-भपक्यांत गुलाब, केवडा, मोगरा यांचे अत्तर ज्या तेलात उतरवले जाई, ते परंपरेने हेच तेल.

म्हैसूर राज्यात हा वृक्ष राजाच्या मालकीचा मानला जाई. पहिल्या महायुद्धापूर्वी तिथले लाकूड लिलावात विकले जाई आणि त्याचे तेल मुख्यतः जर्मनीत निघे. युद्धाने ती वाट बंद केली. तेव्हा महाराज कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत १९१६ साली बंगळूरला तेल काढण्यास आरंभ झाला आणि पाठोपाठ म्हैसूरलाही कारखाना उभा राहिला. म्हैसूरच्या चंदनतेलाचे आणि त्याच्या साबणाचे नाव जगभर गेले ते त्यानंतर.

परंतु याच व्यवस्थेत टंचाईचे बीज होते. शेतकऱ्याच्या बांधावर आपोआप उगवलेले चंदनही सरकारचे. ते चोरीला गेले तर जबाब मात्र शेतकऱ्याने द्यायचा. असे झाड कोण वाढू देईल? रोप दिसताच ते उपटून टाकणे अनेकांना सोयीचे वाटे. एकीकडे लागवड नाही, दुसरीकडे झाडाला जडणारा ‘स्पाइक’ रोग आणि तिसरीकडे तस्करी. चोराला गाभा पूर्ण भरेपर्यंत थांबायचे नसते, त्यामुळे कोवळी झाडेही गेली. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून लावणाऱ्याला झाडाची मालकी दिली, तेव्हा कुठे खासगी लागवडीला बळ आले. आज महाराष्ट्रातील काही शेतकरीही चंदन लावत आहेत. पण त्या झाडांचा गाभा भरण्यास जो काळ लागायचा तो लागणारच.

लेश्यांचा दृष्टांत आपण सर्वांनी पाठशाळेत ऐकला आहे. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. एक म्हणतो, झाड मुळापासून पाडू. दुसरा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. तिसरा डहाळ्यांवर येतो, चौथा घोसांवर, पाचवा पिकल्या फळांवर. सहावा म्हणतो, खाली पडलेली फळे आपल्याला पुरेशी आहेत. फळ एकच, भूकही एकच. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंत बदलत जातो तो भाव. चंदनतेलाच्या धंद्यात अडचण अशी, की दृष्टांतातील पहिल्या वाटसरूने जे करायचे म्हटले, तेच येथे कसबाचे काम ठरते. मूळ सोडले तर उत्तम तेल सोडल्यासारखे होते.

याउलट सहाव्या वाटसरूच्या जवळ जाणारे तेलही आपल्या घरात असते. सर्दी झाली की रुमालावर टाकले जाणारे निलगिरी तेल ज्या डोंगरांच्या नावाने ओळखले जाते, त्या निलगिरी पर्वतावर ऑस्ट्रेलियातून आलेली ही सदाहरित झाडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लावली गेली. तेथे गळून पडलेली पाने गोळा करून लहान भट्ट्यांवर तेल काढण्याचा व्यवसाय चालत आला आहे. शंभर किलो पानांतून किलो-दीड किलो तेल निघते आणि झाड उभेच राहते. तरीही हे सर्वस्वी निर्दोष म्हणता येणार नाही. भट्टीला जळण लागते. आणि ज्या उतारांवर पूर्वी गवताळ कुरणे होती, तिथे या झाडांचे मळे उभे राहिल्याने मूळच्या सृष्टीची मोठी हानी झाली. आरंभ-समारंभ कमी करता येतो. तो शून्य झाला असे मात्र समजू नये.

मग श्रावकाने काय करावे? उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचे चरित्र येथे मार्गदर्शक आहे. तो अपार धनवान होता. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने भोगोपभोगाची मर्यादा बांधली, तेव्हा विलेपनासाठी अगरू, कुंकुम आणि चंदन आदी द्रव्ये मोकळी ठेवली आणि इतरांचा त्याग केला. म्हणजे सुगंध त्याला निषिद्ध नव्हता. मर्यादा मात्र होती. त्याच व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने येतात. त्यांतील वनकर्म म्हणजे वने तोडण्याचा धंदा आणि अंगारकर्म म्हणजे भट्टीचा धंदा. तेल गाळण्याची नेमकी कोणती क्रिया कोणत्या कर्मादानात बसते, याचा निर्णय गुरुभगवंतांकडूनच घ्यावा. पण विकत घेणाऱ्याने ‘मी कुठे झाड उपटले?’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. करणे, करविणे आणि अनुमोदणे हा भेद आपल्याला बालपणीच शिकवला जातो. मागणी नोंदवणे हे यांतील कोणत्या करणाच्या जवळ जाते, हे ओळखणे कठीण नाही.

अचौर्य अणुव्रताचे अतिचार तर जणू या व्यापारासाठीच सांगितले असावेत. चोरून आणलेला माल घेणे हा तदाहृतादान अतिचार. राज्याचा नियम मोडणे हा विरुद्धराज्यातिक्रम. अस्सलाच्या नावाने नक्कल विकणे हा प्रतिरूपकव्यवहार. म्हणून खरेदीच्या वेळी भाव विचारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, झाड कोणाचे? लाकडाच्या मालकीचा पुरावा आणि वनखात्याचा वाहतूक परवाना पाहिल्याशिवाय माल गोदामात घेऊ नये. ‘बिलाशिवाय थोडे स्वस्त पडेल’ हे वाक्य ऐकताच सौदा थांबवावा.

दुसरी, झाड किती वर्षांचे? कोवळ्या झाडाचा माल तेलात कमी पडतो आणि तीस वर्षांचे होऊ शकणारे झाड दहाव्या वर्षीच संपवतो. येथे हिंसा आणि तोटा एकाच वेळी पदरी येतात.

तिसरी, कुपीत काय आहे? आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चंदनतेलात अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावे लागते. प्रयोगशाळेच्या अहवालातून हे कळते. कृत्रिम गंध विकण्यात दोष नाही, परंतु त्यावर ‘शुद्ध चंदनतेल’ असे लिहिण्यात आहे. ‘चंदनगंधी’ असे स्पष्ट लिहिणाऱ्या दुकानदाराचा एखादा गिऱ्हाईक कमी होईल. व्रत मात्र शाबूत राहील.

घरापुरते बोलायचे तर सहाणेवर उगाळलेला चंदनाचा एक तुकडा वर्षानुवर्षे पूजेला पुरतो. तेच लाकूड तेलाच्या रूपात खोली सुगंधित करण्यासाठी उडवले, तर काही दिवसांत संपते. पूजेसाठी किती आणि हौसेसाठी किती, हे प्रत्येक कुटुंबाने आनंद श्रावकाप्रमाणे एकदा ठरवून घ्यावे. ज्यांच्याकडे शेती आहे, त्यांनी इतर झाडांच्या सोबतीने चंदन लावण्याचाही विचार करावा. आज लावलेले झाड बहुधा नातवंडांच्या काळात उतारा देईल. पेढी तीन-तीन पिढ्या चालवणाऱ्यांना एवढी उधारी जड वाटू नये.

दिवाळीला चोपडापूजनाच्या वेळी नव्या वहीवर आपण केशर-चंदनाचा स्वस्तिक काढतो. यंदा तो काढण्यापूर्वी, ते चंदन कोठून आले आणि कोणत्या बिलाने आले, हे घरातील मुलांसमक्ष एकदा पाहून घ्यावे.