घरगुती कार्यशाळा आणि व्हाइसची पारख

आपल्या शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील कित्येक घरांच्या पडवीत, गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत, कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा टर्नर, अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी किंवा केवळ आपल्या हाताने वस्तू घडवण्याची आस असलेला एखादा गृहस्थ लेथ आणि लहानसे मिलिंग मशीन मांडून बसतो. ही गोष्ट व्यवहारी जगाला क्षुल्लक वाटेल; परंतु लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या लहानशा दुकानात झाला, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी तिला क्षुल्लक मानू नये. अशा कार्यशाळांतून केवळ वस्तू निर्माण होत नाहीत, तर मापाविषयीचा आदर आणि कामाविषयीची निष्ठा निर्माण होते, आणि म्हणूनच त्यांतील साधनांच्या खरेदीचा प्रश्न हा चार लोकांच्या छंदापुरता मर्यादित राहत नाही.

या मंडळींचा जमाखर्च पाहिला, तर एक विपरीत क्रम वारंवार दृष्टीस पडतो. यंत्राच्या निवडीत महिनोन्महिने जातात, कटर आणि कोलेट यांवर सढळ हाताने पैसा खर्ची पडतो, आणि ज्याने जॉब घट्ट धरून ठेवायचा तो व्हाइस मात्र, उरलेल्या शिल्लकेतून, वजनाला भारी आणि रंगाला चकचकीत एवढेच पाहून, उचलून आणला जातो. हा क्रम बदलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण यंत्राचा स्पिंडल कितीही शुद्ध फिरत असला आणि टेबल कितीही सरळ सरकत असले, तरी ती सारी शुद्धता धातूच्या तुकड्यापर्यंत पोहोचते ती व्हाइसच्याच द्वारे, आणि तेथे जे गमावले ते पुढे कोणत्याही कटरला परत मिळवता येत नाही.

व्हाइसवर भार किती पडतो, याची कल्पना नसल्यामुळेच त्याची अशी उपेक्षा होते. चार मिलिमीटर अंतराचे आटे असलेल्या स्क्रूला पंधरा सेंटिमीटर लांबीची मूठ लावून तिच्या टोकाशी पंधरा किलोंचा जोर केला, तर सत्तर टक्क्यांच्या आसपास शक्ती घर्षणात गेली तरीही जबड्यांमध्ये जवळजवळ एक टनाचा दाब उत्पन्न होतो. आता गंमत नव्हे, तर गोम अशी की, स्क्रू सरकत्या जबड्याला खालून पुढे ढकलत असतो आणि जॉब त्याला वरून मागे रेटत असतो. त्यामुळे साध्या व्हाइसचा जबडा मागे कलू पाहतो, त्याची पुढची कड किंचित उचलली जाते आणि तिच्यासोबत जॉबही खाली आधाराला ठेवलेल्या समांतर पट्टीवरून, म्हणजे पॅरललवरून, सुटतो. हे उचलणे केसाच्या जाडीहून कमी असेल. पण केसाची जाडी म्हणजे सुमारे सात शतांश मिलिमीटर, आणि दोन पृष्ठे परस्परांशी समांतर करण्याच्या कामात दोन-तीन शतांशांची चूकही सारे श्रम व्यर्थ घालवण्यास पुरेशी असते. कसबी फिटर नायलॉनच्या हातोडीने जॉब खाली ठोकून बसवतो हे खरे. परंतु नीट ठोकून बसवल्यानंतरही खालचा पॅरलल बोटाने हलत राहिला, तर त्याचा ठपका बहुधा कारागिराच्या हातावर नव्हे, व्हाइसवरच ठेवावा लागतो.

हा दोष दूर करण्याच्या दोन रीती आज प्रचलित आहेत. पहिली, अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील कुर्ट कंपनीने लोकप्रिय केलेली आणि पुढे जगभर अनुकरण झालेली: हिच्यात स्क्रूचा नट जबड्याला सरळ न ढकलता, तिरप्या पृष्ठावर टेकलेल्या एका अर्धगोलाच्या द्वारे ढकलतो, आणि त्यामुळे लावलेल्या जोराचा काही वाटा जबड्याला खाली दाबण्याच्या कामी येतो. दुसरी, टूलमेकर मंडळींच्या व्हाइसची: संपूर्ण देह पोलादाचा, कठीण करून सर्व बाजूंनी ग्राइंडिंग केलेला, लांब स्क्रूऐवजी खाचांत अडकणारी एक पिन आणि तिरपा बसवलेला बोल्ट, जो जबड्याला एकाच वेळी पुढे आणि खाली खेचतो. पहिल्या प्रकारात काम जलद होते, दुसऱ्यात प्रत्येक नव्या मापाला पिन हलवावी लागते. पण दुसरा आटोपशीर असतो, उंचीला कमी असतो आणि लहान यंत्रावर उत्तम शोभतो. ज्याचे काम बारीक आणि निवांत आहे त्याने निःशंकपणे दुसरा घ्यावा. ज्याला एकसारखे अनेक नग करायचे आहेत त्याने पहिला. ड्रिलिंगसाठी मिळणारा हलका व्हाइस मात्र मिलिंगच्या कामी कदापि लावू नये; कटरच्या आघाताने त्यातून जॉब सुटला, तर मोडेल ते केवळ कटरच असे नाही.

मोठा तो चांगला, हा समजही सोडून द्यावा. सहा इंची मिलिंग व्हाइसचे वजन तीस किलोंच्या घरात जाते. लहान यंत्राच्या टेबलावर तो मावला तरी पुढे-मागे लोंबतो, मागे कॉलमला अडतो, आणि त्याची उंची, वर पॅरलल, त्यावर जॉब, त्यावर ड्रिलचा चक अशी बेरीज केल्यावर काम करण्यास जागाच उरत नाही. घरगुती यंत्राला सामान्यतः चार इंची व्हाइस पुरेसा होतो. फिरत्या बैठकीचा मोहही आवरावा: ती उंची वाढवते, दृढता घटवते, आणि कोनात काम करण्याचा प्रसंग इतका विरळ येतो की बहुतेकांची बैठक अखेरीस फडताळातच पडून राहते. तीच रक्कम चांगल्या पॅरललच्या जोडीवर खर्च केली, तर तिचे रोज सार्थक होईल.

खरेदीच्या वेळी दुकानात काय तपासावे, हा या मामल्यातील कळीचा मुद्दा. मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवर असो वा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ग्राहकाने खिशात एक चांगला गुण्या आणि वर्तमानपत्राच्या कागदाच्या काही पट्ट्या ठेवाव्यात. जबड्यांच्या डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक पट्टी धरून व्हाइस हलकेच आवळावा; एक पट्टी घट्ट आणि दुसरी सुटी निघाली, तर जबडे समांतर नाहीत. स्थिर जबडा बिछान्याशी, म्हणजे ज्या सपाटीवर दुसरा जबडा सरकतो तिच्याशी, काटकोनात आहे की नाही, हे गुण्या लावून उजेडाकडे धरून पाहावे. मग दोन पॅरललखाली चारही टोकांना पट्ट्या ठेवून त्यांवर एखादा चौरस जॉब धरावा, व्हाइस पुरता आवळावा आणि पट्ट्या ओढून पाहाव्यात. सरकत्या जबड्याकडची पट्टी सहज निघाली, तर जबडा उचलतो आहे, हे निर्विवाद सिद्ध झाले. दुकानात सरफेस प्लेट आणि डायल असेल, तर सुई जबड्यावर टेकवून आवळताना ती किती सरकते, हे डोळ्यांनी पाहावे. तळाशी आणि बिछान्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवून पाहणेही अगत्याचे. बिडाच्या ओतकामातील पोकळ छिद्रे लांबी भरून वरून रंग देण्याची चाल काही ठिकाणी आहे, आणि ती झाकपाक नेमकी तेथेच असते जेथे सहसा कोणी पाहत नाही.

जुन्या व्हाइसचाही विचार अवश्य व्हावा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात नामांकित बनावटीचा जुना व्हाइस मिळाला, तर नव्या पण हलक्या मालापेक्षा तो बहुधा किफायतीचा ठरतो. जबड्यांच्या झिजलेल्या पट्ट्या बदलता येतात, बिछान्यावर ड्रिलचे व्रण असतील तर भोसरीसारख्या भागात मजुरीवर सरफेस ग्राइंडिंग करून मिळते. परंतु मुठीला पाइप लावून आवळल्यामुळे वाकलेला स्क्रू किंवा देहाला गेलेला तडा दिसला, तर भाव कितीही उतरला तरी त्या मालाला हात लावू नये.

येथपर्यंत ग्राहकाचे कर्तव्य झाले. पण सारा भार त्याच्यावरच टाकणे न्यायाचे नाही. व्हाइसच्या खोक्यावर जबड्याची रुंदी आणि उघडण्याचे माप ठळकपणे छापणारा उत्पादक, ज्यांवर त्या व्हाइसची खरी योग्यता अवलंबून असते त्या तीन मापांविषयी बहुधा मौन पाळतो: बिछाना तळाशी किती समांतर आहे, स्थिर जबडा किती काटकोनात आहे, आणि पूर्ण आवळल्यावर सरकता जबडा किती उचलतो. ही तीन मापे डायलवर घ्यायला कसबी कारागिराला काही मिनिटेच लागतात. ती लिहिलेला, तपासणाऱ्याच्या सहीचा आणि नगाच्या क्रमांकाचा दाखला प्रत्येक व्हाइससोबत मिळाला पाहिजे, आणि भारतीय मानक ‘आयएस २१०’ मध्ये बिडाच्या प्रती ठरवून दिलेल्या असल्यामुळे ओतकामाची प्रतही त्याच कागदावर नोंदवली गेली पाहिजे. ज्याचा माल चोख आहे त्याला या दाखल्याची भीती वाटण्याचे कारण नाही, आणि ज्याला भीती वाटते त्याच्याविषयी ग्राहकाने काय समजायचे, हेही उघडच आहे.

असा दाखला कायद्याने येईपर्यंत वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. तो मागणीने येतो. म्हणून यंत्र घेण्याचा बेत करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की, त्याने व्हाइसची रक्कम अंदाजपत्रकात आरंभीच वेगळी काढून ठेवावी, दाखला मागावा, दाखला नसेल तर स्वतः तपासावे, आणि जो दुकानदार माल तपासू देत नाही त्याच्याकडून व्हाइस घेऊ नये.